दुसऱ्या घरचा अप्पम

माझं चहाचं दुकान चर्चच्या पायऱ्यांच्या अगदी समोर आहे. मी काही त्यांच्यातला नव्हे. आमची बायको भगवतीच्या देवळात दिवा लावते आणि मी तिच्यामागून हात जोडून उभा राहतो, एवढाच माझा धर्म. पण त्यांची लग्नं, मयतं, सणाच्या मिरवणुका सगळं माझ्या बाकांवरून जातं. भांडणं तर बहुतेक माझ्याकडेच शिजली आणि मग वर वेदीपर्यंत गेली. तेव्हा तेय्यम्मा चेडत्तीबद्दल मी सांगितलं तर कुणाची हरकत नसावी. तिच्या चर्चची माणसं हा विषय निघाला की चहा अर्धा टाकून उठतात.

चेडत्ती म्हणजे थोरली ताई, सगळं गाव तिला तसंच म्हणायचं. अंगाने काटकुळी. अंगात चट्टा नावाचं पांढरं सैल पोलकं, कमरेला लुंगीसारखं पांढरं मुंडू, त्याला मागे पंख्यासारख्या चुण्या, कानाच्या वरच्या पाळीत सोन्याची जाड कडी. जीभ तिखट. दुकानासमोरून जाताना हटकून म्हणायची, "सुकू, चहा उकळतोयस की भांडी विसळतोयस?" मी म्हणायचो, "चेडत्ती, तुमच्यासाठी वेगळा ठेवलाय, विसळलेला." मग बसायची, अर्धा ग्लास प्यायची आणि नावं ठेवून जायची. नवरा कोरा. दुसऱ्यांच्या रबराच्या झाडांना चीर देऊन चीक गोळा करायचा. शांत माणूस. बायको बोलते त्यात आपलंही बोलणं झालं असं मानून त्याने संसार केला. एकुलती मुलगी कुवेतला नर्स.

चर्चमध्ये तिला कुठलंच काम नव्हतं. गळा असा, की पोरवयात गाण्याच्या मंडळातून दुसऱ्याच दिवशी घरी पाठवलेली. अक्षरओळख जेमतेम, त्यामुळे मुलांना प्रार्थना शिकवायला कोण बोलावणार? देणगी द्यायला खिसा नाही. तिला यायचं ते एकच, आणि ते वर्षातून एका दिवसाचं होतं.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी, म्हणजे पेसहाला, इथल्या प्रत्येक ख्रिस्ती घरात बिनखमिराचा अप्पम वाफवतात. तांदळाचं पीठ, थोडी उडदाची डाळ, ओलं खोबरं. वर झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या कोवळ्या पातीचा क्रूस. संध्याकाळी घरचा कर्ता प्रार्थना करून तो कापतो आणि थोरल्यापासून धाकट्यापर्यंत एकेक तुकडा गूळ घातलेल्या नारळाच्या दुधात बुडवून हातावर देतो. पण त्या वर्षात ज्या घरचं माणूस गेलं असेल, त्या घरात अप्पम करत नाहीत. तो दुसऱ्या घरून यावा लागतो. शेजाऱ्याने आणायचा, नातलगाने आणायचा. आला नाही तर त्या घराचा पेसहा झाला नाही.

आता भरल्या घराकडे दहा जण घेऊन धावतात. पण ज्या म्हातारीला मागेपुढे कुणी नाही तिच्याकडे कोण जाणार? ज्याने गावात कुणाशी धड ठेवलं नाही त्याच्याकडे? ज्याच्या पोराने फास घेतला आणि ज्याच्या दारावरून जाताना लोक खाली बघतात त्याच्याकडे? तिथे चेडत्ती जायची. दुपारी ऊन कलायच्या आत निघायची, काखेला टोपली, टोपलीत झाकणाची ॲल्युमिनियमची भांडी, प्रत्येक भांड्यात एक अप्पम. कोण गेलं, कधी गेलं, त्या घरात आता कोण उरलंय, हे सगळं तिच्या डोक्यात. मला एक बिनक्रुसाचा छोटा अप्पम देऊन जायची, कारण क्रुसाचा ख्रिस्ती घरांपुरताच असतो. "तुझ्या पोरांना दे. तू खाऊ नकोस, तुझं पोट बघ."

हळूहळू झालं काय, की गावातल्या बायका सुटल्या. कुणाकडे जायचं राहिलं तर सहज म्हणायच्या, "तेय्यम्मा चेडत्ती नेईलच की." आणि ती न्यायचीच. मग ज्या घरी शेजाऱ्याने नेणं सहज होतं, तिथेही तीच जाऊ लागली. तिला ते आवडायचंही. टोपली जड झाली की तिची मान ताठ व्हायची, हे मी दुकानातून बघत होतो.

चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हा मोठा समारंभ झाला. नवे तरुण फादर होते. त्यांनी छान भाषण केलं, की देवाने प्रत्येकाला काहीतरी देऊन पाठवलंय आणि मंडळीत कुणीच रिकाम्या हाताचा नाही. मग ज्यांचे हात भरलेले सर्वांना दिसत होते अशांना एकेक करून शाली घातल्या. गाणं बसवणारे इट्टूप सर, मिरवणुकीत मोठी छत्री धरणारा, सणाचं जेवण रांधणारा, आणि अर्थातच वर्कीच्चन, ज्यांच्या रबराच्या पैशावर छप्पर बदललं होतं. कोरा माझ्या बाकावर बसून भोंग्यावर ऐकत होता. आयुष्यात कधी नव्हे तो मला म्हणाला, "आमच्या हिचं नाव नाही का रे घेतलं?" नंतर कळलं, कुणीतरी सुचवलं होतं. फादरनी विचारलं, "त्या काय करतात?" आणि कमिटीतले लोक एकमेकांकडे बघून म्हणाले, "तसं काही नाही. घरीच असतात." खोटं नव्हतं बोलले बिचारे. ती काय करते त्याला त्यांच्याकडे नावच नव्हतं.

त्याच सुमाराला वर्कीच्चनच्या घरात लिसी नावाची सून आली. उत्साही पोरगी. पहिल्याच पेसहाला चेडत्तीला माझ्या दुकानासमोर गाठून म्हणाली, "चेडत्ती, मीही येऊ तुमच्याबरोबर? टोपली धरते."

चेडत्तीने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "तू? तिथे जाऊन काय बोलू नये ते तुला कळतं का?"

"तुम्ही सांगा, मी गप्प राहते."

"घरी जा, सासूला दूध आटवायला मदत कर. हे पोरीबाळींचं काम नाही."

लिसी हसून निघून गेली. पुन्हा कधी विचारलं नाही तिने.

पुढे चर्च फुटलं. कारण सांगायचं तर जुनी इमारत पाडून नवी कुठे बांधायची, एवढंच. डोंगराकडचे म्हणाले, हमरस्त्यावर, गाड्या लागायला जागा आहे. नदीकडचे म्हणाले, आमचे बापजादे इथे पुरलेत, आम्ही हलणार नाही. वर्कीच्चन डोंगराकडच्यांचे पुढारी, इट्टूप सर नदीकडच्यांचे. दोन वर्षं माझ्या दुकानात एक बाक यांचा आणि एक बाक त्यांचा होता, आणि चुकून कुणी दुसऱ्या बाकावर बसला तर चहा कडू व्हायचा. शेवटी बिशपांनी वैतागून दोन्हींना परवानगी दिली. वर हमरस्त्यावर नवं चर्च उभं राहिलं, जुनं खाली नदीकडे राहिलं आणि एका गावात दोन घंटा वाजू लागल्या.

मग जी मजा झाली ती मी बघितली. पेटी वाजवणारा वर गेला, गाणारे खाली राहिले. वरच्यांनी सणाला बाहेरगावचे गाणारे आणले, त्यांना अर्धी गाणी ठाऊक नव्हती. खालच्यांच्या सणाचा भात करपला, कारण रांधणारा वरचा होता. मोठी छत्री खाली आणि ती पेलणारा वर. दोघांकडेही निम्मं निम्मं, आणि दोघेही छातीठोक सांगायचे की आमचं काही अडत नाही. मी म्हटलं एकदा, "इट्टूप सर, भात थोडा करपला होता म्हणे." तर म्हणाले, "सुकुमारा, तू तुझी किटली सांभाळ."

चेडत्तीचं घर चढणीच्या मध्यावर. ती खालच्या चर्चला जायची, कारण कोराचे आईबाप तिथे पुरलेले. पण पेसहाच्या गुरुवारी तिची टोपली चढण चढायची आणि उतरायचीही. फुटीनंतर पहिल्याच वर्षी वर्कीच्चनची आई गेली. नातलग निम्मे खालचे, ते फिरकले नाहीत. पेसहाला चेडत्तीच अप्पम घेऊन गेली. वर्कीच्चन दारातच होते. त्यांनीच नंतर हसत हसत माझ्या दुकानात सांगितलं.

"मी म्हटलं, चेडत्ती, हा अप्पम कुठल्या बाजूचा? तर म्हणते, तांदळाचा. आणि तशीच आत शिरून टेबलावर ठेवून गेली."

हसले खरे, पण त्या दिवसापासून ती त्यांच्या मनात खालची बाई म्हणूनच पक्की झाली. खालची, पण बरी. आणि खाली इट्टूप सरांची बायको ब्रिजित सगळ्यांना सांगत सुटली, "चेडत्तीचं वरच्यांकडे फार जाणंयेणं हो. वर्कीच्चनच्या घरात थेट आतपर्यंत जाते." म्हणजे वरचे तिला खालची समजायचे आणि खालचे वरची. ती बिचारी चढणीच्या मध्यावर राहत होती, तिला कुणी विचारलंच नाही.

ओणमच्या आसपास कोरा गेला. झाडाखाली बसला, चिकाची बादली बाजूला ठेवली आणि तसाच कलंडला. मयताला दोन्हीकडचे आले. मयताला येतात लोक, तेवढं अजून शिल्लक आहे. मुलगी आली, रडली, रजा संपली तशी परत गेली.

मग पेसहा आला. त्या वर्षी चेडत्तीच्या घरात अप्पम व्हायचा नव्हता, तो तिच्याकडे यायचा होता.

नंतर शनिवारी ती दुधाला आली तेव्हा तिचा चेहरा बघून मी आपणहून चहा पुढे केला. तिने नावं न ठेवता घेतला. तेव्हाच मला काहीतरी बिनसल्याचं कळलं.

"काय झालं, चेडत्ती?"

"काही नाही झालं. तेच तर."

मला कळेना.

"कुणी आलं नाही रे," ती म्हणाली. "परवा. कुणीच नाही."

मी किटली खाली उतरवून ठेवली.

"टेबल पुसून ठेवलं होतं. दिवा लावला. कोराची सुरी काढून ठेवली, म्हटलं आता मलाच कापायचाय. मी कशी, आधी बाहेरचे पोहोचवायचे आणि मग आम्ही घरचा कापायचो, म्हणजे त्यांना वाट बघायला नको. पण म्हटलं, सगळ्या काही माझ्यासारख्या नसतात, आधी घरचं उरकून येतील. अंधार पडला. दार लावलं नाही बराच वेळ. मग सुरी परत फळीवर ठेवली, पेज प्यायले आणि पडले."

त्याच दिवशी दुपारपर्यंत मला सगळं कळलं, कारण सगळे माझ्याच बाकांवर बसतात. ब्रिजित म्हणाली, "आम्हाला वाटलं वर्कीच्चनकडचे नेतील, त्यांच्या आईच्या वेळी ती गेली होती." वर्कीच्चन म्हणाले, "ती त्यांच्या चर्चची. आम्ही मध्ये घुसलो तर पुन्हा बोंब." लिसीनेही ते ऐकलं. साखर घ्यायला आली होती, न घेताच गेली. शिवाय त्या वर्षी ज्या आणखी घरांत माणूस गेलं होतं, त्यांच्यापैकी काहींकडेही अप्पम पोहोचला नव्हता. नेणारीच घरी बसली होती. गावाची ती सवयच मोडून गेली होती आणि मोडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मला संताप आला, खरंच सांगतो. मी म्हटलं, "चेडत्ती, दोन्ही बाजूंना चार शब्द सुनवा तुमच्या पद्धतीने."

"मनातल्या मनात सुनवले की. पेसहाच्या रात्री इतक्या शिव्या कुणी दिल्या नसतील." ती थोडी हसली. मग ग्लास खाली ठेवून म्हणाली, "पण काल गुड फ्रायडेला क्रुसाच्या वाटेवर चालताना मला दुसरंच दिसायला लागलं. ह्या बायकांना शिकवलं कुणी? कुणी नाही. शिकवायला होते कोण? मीच. ती लिसी आपणहून आली होती रे, टोपली धरते म्हणून. मी तिला हाकलली."

"तेव्हा ती लहान होती."

"लहान नव्हती. मला नको होती. गाणं मला येत नाही, वाचता येत नाही, शाल कुणी घातली नाही. एवढं एकच माझं होतं. ते मी कुणाला हात लावू दिलं नाही. आता बस म्हणावं तेय्यम्मे, घेऊन."

मला तिच्याकडे बघवेना. काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "पण तुम्ही त्या घरांत जाऊन बोलता तरी काय?"

"काही नाही. गेलेल्याचं नाव काढायचं नाही. देवाची मर्जी बिर्जी म्हणायचं नाही. बसायचं नाही, बसलं की त्यांना चहा करावा लागतो. अप्पम टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, भांडं उद्या आणून दे. बस."

"भांड्याची एवढी काळजी?"

"भांड्याची कशाला? केळीच्या पानात देता येत नाही का मला? भांडं परत करायला माणूस घराबाहेर पडतं, सुकू. मयत झालेलं घर आपणहून बाहेर पडत नाही. भांडं घेऊन माझ्या दारात येतं, मग मी त्याला बसवते. बोलायचं ते तेव्हा."

इतकी वर्षं ती टोपली माझ्यासमोरून गेली आणि मला वाटत होतं की ती अप्पम नेते.

"हे लिसीला सांगा," मी म्हटलं. "आजच सांगा."

"सांगेन. कोराचं वर्ष सरू दे. पुढच्या पेसहाला तिला बरोबरच नेते. हातात टोपली दिल्याशिवाय कळायचं नाही."

त्यानंतर ती पुन्हा माझ्या चहाला नावं ठेवू लागली आणि मला वाटलं, झालं, सगळं रुळावर आलं. पावसात कालव्याकाठच्या पत्रोसची बायको गेली. पत्रोस दारूपायी दोन्ही चर्चमधून उठलेला, मयताला मोजकी माणसं; चेडत्ती गुडघे धरत गेली होती. "येत्या पेसहाला पहिलं घर हेच," मला म्हणाली. आणि ख्रिसमसच्या आधी साध्या तापात चेडत्तीच गेली. लिसीला तिने काही सांगितलं नव्हतं. पेसहा अजून लांब होता.

तिच्या मयताला एवढी गर्दी, की दोन्ही फादर आले. दोघेही चांगलं बोलले. आता त्यांना नाव सापडलं होतं. एक म्हणाले सेवा, दुसरे म्हणाले सांत्वन. मी मागे उभा राहून ऐकलं आणि मला बाकावर बसून भोंगा ऐकणाऱ्या कोराची आठवण आली.

मग हा पेसहा आला. चेडत्तीची मुलगी आठवडाभर येणार अशी गावात बातमी होती. दुपारी मी दुकान आवरत होतो, तेवढ्यात चढणीवरून लिसी आणि ब्रिजित खाली येताना दिसल्या. दोघी एकत्र, हेच नवल. दोघींच्या हातांत केळीच्या पानात बांधलेला एकेक अप्पम.

"सुकूचेट्टा," लिसी म्हणाली, "चेडत्तीच्या घराला कुलूप आहे."

"मुलीला रजा मिळाली नाही. काल फोन होता."

ब्रिजित म्हणाली, "मला वाटलं, यंदा तरी चुकायला नको. तर ही वरून आलेली, दारातच भेटली." तिने हातातल्या अप्पमकडे बघितलं. "आता हे परत घरी कसं न्यायचं?"

"दुसऱ्या कुणाकडे न्या," मी म्हटलं. "यंदा माणूस गेलेलं दुसरं घर नाही का?"

ब्रिजितने खालची मयतं आठवली, त्यांच्याकडे नातलग होते. लिसीने वरची आठवली, तिथेही कुणी ना कुणी जाणार होतं. दोघी थांबल्या. जो वरचा नाही आणि खालचा नाही, तो दोघींच्याही मोजणीत आला नाही.

"पत्रोस," मी म्हटलं. "कालव्याकाठचा. चेडत्ती म्हणाली होती, यंदा पहिलं घर तेच."

ब्रिजितचा चेहरा कसनुसा झाला. लिसी म्हणाली, "त्यांच्याकडे कधी गेलेच नाही मी. तिथे बोलायचं काय?"

मी आत गेलो. फडताळातली दोन झाकणाची भांडी काढली, पुसली आणि दोघींच्या पुढे ठेवली. हे सांगणारा मी कोण? मला तर क्रुसाचा अप्पम खाताही येत नाही. पण ज्या पोरीने आपणहून विचारलं होतं तिला सांगायची गोष्ट चेडत्ती मला सांगून गेली होती, आणि दुसरं कुणी उरलं नव्हतं.

"पानातून काढा, ह्यात घाला," मी म्हटलं. "काही बोलायचं नाही. बसायचं नाही. टेबलावर ठेवायचं आणि म्हणायचं, भांडं उद्या आणून दे."

"एवढंच?"

"एवढंच. उद्या तो भांडं घेऊन आला की मग त्याला बसवायचं."

लिसी माझ्याकडे बघत राहिली. हे माझं डोकं नव्हे, हे तिला कळलं असावं. तिने डोळे पुसले, भांड्याचं झाकण लावलं आणि ब्रिजितला म्हणाली, "चला." त्या दोघी कालव्याच्या वाटेने गेल्या. वरचा एक अप्पम, खालचा एक, आणि खाणारा एकटा पत्रोस. गेल्या वर्षी चेडत्तीला त्यातला एक पुरला असता.